लपवलेली पंचवीस टक्के ताकद

वाचकाचे पत्र, थोडक्यात

तिशीच्या उंबरठ्यावरचे हे वाचक नागपुरात राहतात आणि मिहानमधील एका कंपनीत नोकरी करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी ही दीड लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, सात गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) सेडान नवी घेतली. गाडी एक्केचाळीस हजार किलोमीटर चालली आहे आणि वॉरंटीचे अजून एक वर्ष शिल्लक आहे. तशाच गाडीचे ‘स्टेज वन’ रिमॅपिंग, म्हणजे इतर कोणताही भाग न बदलता इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून घेतलेला त्यांचा मित्र समृद्धी महामार्गावर त्यांना मागे टाकून निघून जातो, आणि एप्रिलपासून आपल्या गाडीला पूर्वीसारखा पिकअप राहिलेला नाही असे त्यांना वाटते. बाहेरगावाहून दर दोन-तीन महिन्यांनी येणारा एक ट्यूनर लॅपटॉप लावून तासाभरात हे काम करून देतो आणि पंचेचाळीस हजार रुपये घेतो. कंपनी इंजिनाची पंचवीस टक्के ताकद मुद्दाम लपवून ठेवते, आपण ती फक्त मोकळी करतो, असे त्याचे म्हणणे आहे. सर्व्हिसिंगच्या आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकून देण्याची हमीही तो देतो. वडिलांचा मात्र ‘चांगल्या चालत्या गाडीला हात लावू नकोस’ असा आग्रह आहे. वाचक विचारतात: रिमॅपिंगने गाडी खरोखर सुधारते, की तो मनाचा खेळ आहे? आणि वडिलांची समजूत कशी घालावी?

उत्तर

प्रिय वाचक,

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. टर्बो असलेल्या इंजिनाचे रिमॅपिंग नीट केले तर ताकद खरोखर वाढते, आणि तेवढ्यापुरता तुमचा ट्यूनर खोटे बोलत नाही. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, आकड्यांची शेकडो कोष्टके असतात. इंजिनाच्या मिनिटाला अमुक फेऱ्या होत असताना अमुक हवा आत आली तर किती पेट्रोल सोडायचे, पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची, टर्बोने किती दाब द्यायचा आणि एकंदर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, कोणत्या मर्यादेपुढे जाऊ द्यायचा नाही, हे सारे त्यांत लिहिलेले असते. या कोष्टकांच्या संचाला मॅप म्हणतात, आणि रिमॅपिंग म्हणजे त्यातले आकडे बदलणे. टर्बोचा दाब वाढवला की सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली जाते, तिच्या प्रमाणात जास्त पेट्रोल जाळता येते, आणि पंधरा ते पंचवीस टक्के वाढ सहज मिळते. टर्बो नसलेले इंजिन मात्र वातावरण देईल तेवढीच हवा ओढते, त्यामुळे तिथे कितीही आकडे फिरवले तरी चार-पाच टक्क्यांच्या वर क्वचितच काही हाती लागते. तशी गाडी असलेल्या वाचकांनी रिमॅपिंगचा विचार सोडून तेच पैसे चांगल्या टायरांना लावावेत, असे मी निःशंकपणे सांगतो.

मी अडखळलो तो तुमच्या पत्रातल्या ‘लपवून ठेवते’ या शब्दापाशी. कंपनी इंजिनात जागा सोडते हे खरे आहे, पण ती कुणासाठी सोडते हे पाहिले पाहिजे. एकच मॅप लेहच्या विरळ हवेत सामान भरून चढणाऱ्या गाडीतही चालतो आणि नवतप्याच्या दुपारी छत्रपती चौकात एसी लावून उभ्या असलेल्या गाडीतही. थंड इंजिन सुरू करून दुसऱ्याच मिनिटाला पेडल तळाला टेकवणाऱ्याला, मिळेल त्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्याला आणि सर्व्हिसिंग पाच हजार किलोमीटर पुढे ढकलणाऱ्यालाही तो सांभाळून घेतो. त्याशिवाय १ एप्रिल २०२० पासूनचे बीएस-सहा नियम, आणि एप्रिल २०२३ पासून गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालत असताना मोजले जाणारे उत्सर्जन, यांच्या चौकटीतही त्याला राहावे लागते. ‘तेच इंजिन परदेशात जास्त ताकद देते’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकले असेल. त्याचे एक उदाहरण पाहा: फोक्सवॅगनच्याच गोल्फ जीटीआय आणि गोल्फ आर या गाड्यांत एकाच कुळातले दोन लिटरचे इंजिन असते. सातव्या पिढीत एकाची ताकद २२०-२३० आणि दुसऱ्याची ३०० हॉर्सपॉवरच्या घरात होती. पण त्या ‘आर’मधला टर्बोच मोठा आहे. नुसते सॉफ्टवेअर बदलून कंपनीने ते अंतर पार केलेले नाही.

तुमच्या गाडीत तर हा मुद्दा कागदावरच वाचता येतो. तुमचे इंजिन कारखान्यातून १६०० ते ३५०० फेऱ्यांदरम्यान २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी ज्या कुळातला आहे त्याला डीक्यू २०० म्हणतात. त्याच्या दोन्ही क्लच कोरड्या असतात, म्हणजे त्यांना गार ठेवायला तेलाची आंघोळ नसते, आणि या गिअरबॉक्सची घोषित कमाल मर्यादाही २५० न्यूटन-मीटरच आहे. ट्यूनर ज्या पंचवीस टक्क्यांची भाषा करतो ते टॉर्कवर लावले तर ३१० च्या पुढचा आकडा येतो. अभियंते घोषित मर्यादेच्या वर थोडी जागा ठेवतातच, आणि तीनशेच्या वर टॉर्क चढवलेल्या अशा गाड्या रस्त्यावर फिरत आहेत, त्या लगेच मोडून पडत नाहीत, हेही मान्य करतो. पण ती जागा क्लचच्या आयुष्यातून येते. सीताबर्डीच्या गर्दीत पायापायाने सरकताना कोरड्या क्लचवर आधीच पुरेसा ताप असतो.

यावर एक शहाणा उपाय आहे आणि बहुतेक ग्राहक तो विचारतच नाहीत. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. तुमच्या इंजिनाचा टॉर्क ३५०० फेऱ्यांनंतर उतरत जातो आणि ५००० फेऱ्यांना सुमारे २१० न्यूटन-मीटरवर येतो, तिथेच दीडशे हॉर्सपॉवर भरतात. आता कमाल टॉर्क २५० वरच ठेवून तो ४५०० फेऱ्यांपर्यंत टिकवला, तर त्याच ठिकाणी १६० हॉर्सपॉवर होतात, आणि ५००० पर्यंत टिकवला तर १७८. म्हणजे गिअरबॉक्सच्या घोषित मर्यादेला धक्का न लावता ओव्हरटेक करताना जाणवेल अशी वाढ मिळू शकते. अर्थात छोट्या टर्बोला वरच्या फेऱ्यांत तेवढी हवा पुरवताना जास्त राबावे लागते आणि तो तापतो, त्यामुळे १७८ हा आकडा मी ध्येय म्हणून सांगत नाही. पण ट्यूनरला तुम्ही ‘किती हॉर्सपॉवर वाढतील’ असे न विचारता ‘कमाल टॉर्क कुठे ठेवाल आणि तो कोणत्या फेऱ्यांपर्यंत न्याल’ असे विचारलेत, तर समोरच्याला काम किती कळते ते दोन मिनिटांत उमगेल. जो लगेच ३२० सांगतो आणि गिअरबॉक्सचे नाव घेत नाही, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

हे सगळे मी पुस्तक वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतःच्या डिझेल सेडानचे असेच रिमॅपिंग करून घेतले होते. पहिले तीन महिने मी भेटेल त्याला फेरी मारून आणत असे. मग एका मे महिन्यात, चौघे जण आणि लग्नाचे सामान घेऊन अमरावतीला जाताना, तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात चौथ्या गिअरमध्ये मी पेडल दाबले आणि फेऱ्यांचा काटा दोन हजारांवरून तीन हजारांवर गेला, पण वेगाचा काटा जागचा हलला नाही. दोन-तीन सेकंदांत जळक्या ब्रेकसारखा वास गाडीत भरला आणि मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारले, ‘काही पेटलं का?’ क्लच प्लेट घसरत होती. उरलेला रस्ता मी अर्ध्या पेडलवर, ट्रकच्या मागे राहून काढला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी यांचे बिल रिमॅपिंगच्या खर्चापेक्षा जास्त आले. इंजिनाला काहीही झाले नव्हते. ट्यूनरने कबूल केलेला टॉर्क त्याने पुरेपूर दिला होता, आणि तो चाकांपर्यंत पोहोचवणारा दुवा थकला होता. तेव्हापासून मी रिमॅपिंगबद्दल विचारणाऱ्याला आधी गिअरबॉक्स आणि क्लच विचारतो.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. पिकअप गेल्याचे तुम्हाला एप्रिलपासून जाणवू लागले, असे तुम्ही लिहिता, आणि पत्र मे महिन्याच्या शेवटी आले आहे. माझ्या मते तुमच्या अर्ध्याअधिक प्रश्नाचे उत्तर या दोन महिन्यांत आहे. डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांना जेवढी हवा एका लिटरमध्ये मावते, त्यापेक्षा पंचेचाळीस अंशांना सुमारे दहा टक्के कमी मावते. साध्या इंजिनात तेवढी ताकद थेट जाते. टर्बो इंजिन जास्त दाब देऊन ही तूट भरून काढायचा प्रयत्न करते, पण हवा दाबली की ती तापते: दुप्पट दाबापर्यंत नेली तर तिचे तापमान ढोबळमानाने शंभर अंशांनी चढते. पंचेचाळीसवर शंभर म्हणजे किती झाले ते पाहा. ही तापलेली हवा गार करण्यासाठी इंटरकूलर असतो, आणि त्याच्याबद्दल नागपूरकरांना वेगळे समजवायला नको. टाकीतले पाणी संपलेला कूलर आठवा. पंखा जोरात फिरतो, आवाजही होतो, पण खोलीत येते ती बाहेरचीच झळ. इंटरकूलर हवेने गार होणारा असो वा पाण्याने, शेवटी तो उष्णता बाहेरच्या हवेलाच देतो, त्यामुळे बाहेर पंचेचाळीस असताना आतली हवा पंचेचाळीसच्या खाली उतरणे शक्यच नसते.

सिलिंडरमध्ये इतकी गरम हवा गेली की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता कोपऱ्यातले पेट्रोल आपोआप पेटू पाहते. त्यालाच आपले मेकॅनिक ‘नॉकिंग मारतंय’ म्हणतात. इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर एखाद्या माइकसारखा तो ठोका ऐकतो आणि ईसीयू ठिणगी काही अंश उशिरा टाकू लागतो. इंजिन वाचते, पिकअप मात्र जातो. तुम्हाला जाणवणारा मंदपणा हा बहुधा गाडीने घेतलेला शहाणा निर्णय आहे. रिमॅपिंग केल्यावर दाब आणखी वाढेल, हवा आणखी तापेल, आणि मेच्या दुपारी ईसीयू ती वाढ जवळजवळ तशीच काढून घेईल, किंवा ट्यूनरने संरक्षणाच्या मर्यादा सैल केल्या असतील तर काढून घेणार नाही. ही दुसरी शक्यता पहिलीपेक्षा पुष्कळ वाईट आहे. थोडक्यात, ज्या दोन महिन्यांसाठी तुम्ही पैसे खर्च करायला निघाला आहात, त्याच दोन महिन्यांत त्यांचे मोल सर्वांत कमी मिळेल.

खर्च करायच्या आधी एक प्रयोग करा. बाजारात गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा स्वस्त ओबीडी रीडर मिळतो, तो स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि ठिणगीचे टायमिंग दाखवतो. आउटर रिंग रोडच्या एखाद्या मोकळ्या, सरळ पट्ट्यावर पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला, गिअर हाताने तिसऱ्यात अडकवून, ताशी ४० वरून ८० किलोमीटरपर्यंत पूर्ण पेडल दाबून जा. नोंद मोबाइल करील, तुम्ही रस्ता पाहा. पहाटेचा आणि दुपारचा वेळ यांत जाणवण्याजोगा फरक पडला आणि दुपारी टायमिंग मागे सरकलेले दिसले, तर दोष उन्हाचा आहे. दोन्ही वेळा गाडी सारखीच मंद असेल तर मग एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि टर्बोच्या नळ्यांच्या जोडण्या तपासाव्या लागतील. एअर फिल्टर तर आजच उघडा. सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडची राख यांत फिरणाऱ्या गाडीने पुस्तकातल्या किलोमीटरची वाट पाहू नये. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारून तोच फिल्टर परत बसवणे हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे, पण त्याने कागदाला बारीक छिद्रे पडतात आणि धूळ थेट टर्बोच्या पंख्यापर्यंत पोहोचते. नवाच टाका.

पेट्रोलबद्दलही दोन शब्द. नॉकिंगला पेट्रोल किती दाद देत नाही हे ऑक्टेनवरून ठरते, आणि परदेशी मॅप बहुतेकदा ९५ किंवा ९८ ऑक्टेन गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल आल्यापासून ऑक्टेन वाढले ही जमेची बाजू. मात्र इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि हवेशी त्याचे प्रमाणही वेगळे लागते, म्हणून तुमचा मॅप कोणत्या पेट्रोलवर लिहिला आणि तपासला गेला हे विचारणे आवश्यक आहे. ‘अ‍ॅव्हरेजही वाढेल’ असे कुणी सांगितले तर त्याकडे कानाडोळा करा. सौम्य वेगात पेट्रोल इंजिन मूळ मॅपवरही नेमक्या प्रमाणातच पेट्रोल घेते, तिथे वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते.

मित्राच्या गाडीत बसल्यावर तुम्हाला ती ‘चावी दिल्यासारखी’ सुटते असे वाटले, हे मी समजू शकतो. पण त्या अनुभवाचा काही भाग पेडलच्या कोष्टकाचा असतो. पाय तीस टक्के दाबला असता थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पन्नास टक्के उघडायचा असे लिहिले की गाडी तडफदार भासते, आणि पेडल तळाला टेकवले की दोन्ही गाड्या तिथेच येतात. बाजारातल्या पेडल बॉक्सचा सगळा व्यवहार एवढ्यावरच चालतो. खरी वाढ डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, कळते, तीही त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, आधी आणि नंतर मोजली तर. शिवाय डायनोचे सॉफ्टवेअर त्या दिवसाच्या तापमानाचा हिशेब धरून आकडा प्रमाणित हवामानाला जुळवून छापते. टर्बो गाड्यांत ही दुरुस्ती बरेचदा जास्तच होते, आणि उन्हाळ्यात काढलेला कागद रस्त्यावर न मिळणारी ताकद दाखवतो. दुरुस्ती न केलेला आकडा मागून घ्या.

समृद्धीवर गाडीने पुढे जाण्याचा मुद्दा मी मुद्दामच उशिरा घेतो आहे. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून वर चढल्यावर मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. सपाट रस्त्यावर तुमच्यासारख्या सेडानला तो वेग टिकवायला ढोबळ हिशेबाने तीसेक हॉर्सपॉवर पुरतात. उरलेले एकशे वीस आत्ताही तुमच्या पायाखाली नुसते बसून आहेत. म्हणजे मित्र पुढे जातो तो नियम मोडून जातो, आणि त्याला गाठायचे तर तुम्हालाही तो मोडावा लागेल. त्या काँक्रीटवर मे महिन्यात आधी हार मानतात ते टायर. तीन वर्षांच्या, एक्केचाळीस हजार किलोमीटर चाललेल्या टायरांवर किती खाच उरली आहे, कडेला फुगवटे किंवा चिरा आहेत का, आणि गाडी गार असताना हवा पुस्तकात लिहिल्याइतकी आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पंचेचाळीस हजारांत चार चांगले टायर येतात, आणि त्यांनी ब्रेकिंगचे अंतर, पावसातली पकड आणि वळणावरचा विश्वास हे सगळे बदलते. गाडी सुधारणे या शब्दाचा मला कळणारा अर्थ तरी इथे अधिक बसतो.

वॉरंटीबाबत मी थोडा कठोर बोलणार आहे. सर्व्हिसिंगच्या आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकले की काही कळत नाही, ही समजूत जुनी झाली आहे. आजच्या बऱ्याच ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिले गेले याची नोंद राहते, आणि कंपनीच्या संगणकाला ती वाचता येते. नोंद सापडली तर इंजिन व गिअरबॉक्सवरचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तुमच्या डीएसजीतली मेकॅट्रॉनिक्स (गिअर बदलणारी नियंत्रण यंत्रणा) किंवा क्लच बदलायची वेळ आली तर पंचेचाळीस हजारांचा आकडा किरकोळ वाटू लागेल. शिवाय ही लपवाछपवी तुम्हाला करावी लागणार आहे, ट्यूनर तर दुसऱ्या दिवशी गावाला निघून गेलेला असेल. विम्याचेही तसेच आहे: गाडीतला बदल विमा कंपनीला न कळवता ठेवला, तर नेमक्या अपघाताच्या वेळी वाद उभा राहतो.

कायद्याची बाजू पूर्ण स्वच्छ नाही, पण तिच्याकडे पाठही फिरवता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल रोखते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ५२ ‘बदल’ म्हणताना वाहनाच्या रचनेतला बदल असे म्हणते, त्यामुळे नुसते सॉफ्टवेअर त्यात येते का यावर वकील बोलू शकतील. पण ‘स्टेज टू’च्या नावाखाली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी) बसवणाऱ्याला तो युक्तिवादही उरत नाही. प्रदूषण आणि आवाजाच्या मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, कैद आणि तीन महिने परवाना निलंबन इथपर्यंत गोष्ट जाते. फुटाळ्याला संध्याकाळी सायलेन्सरचे फटाके फोडणाऱ्यांना मी हे सांगून थकलो आहे.

माझा सल्ला असा. वॉरंटी संपेपर्यंत ईसीयूला हात लावू नका. वर्षभरात फिल्टर, प्लग, टायर आणि ब्रेक पॅड यांवर पंधरा-वीस हजार लागले तरी ते वाया जाणार नाहीत, आणि पुढे रिमॅपिंग केलेच तर त्यासाठीही गाडी अशीच निरोगी हवी. छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला तर इंधन वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो. त्यापासून वाचवणारी तेले २०२० पासून ‘एसपी’ या एपीआय दर्जाच्या श्रेणीत येतात. डब्यावर ही अक्षरे पाहा, पण गाडीच्या पुस्तकात दिलेले मानक त्याआधी पाळा.

वर्षभरानंतरही इच्छा टिकली तर नोव्हेंबर-डिसेंबरात न करता मुद्दाम उन्हाळ्यात करा. थंडीत जुळवलेला मॅप मे महिन्यात काय करील ते मे महिन्यातच कळते, आणि उन्हात सुरक्षित चालणारा मॅप थंडीत आपोआप चालतो. तासाभरात काम आटोपून पुढच्या गावाला जाणाऱ्याकडून करू नका. गाडी रस्त्यावर चालवून नोंद घेणारा, चारही सिलिंडरचे टायमिंग किती मागे सरकते ते तुम्हाला कागदावर दाखवणारा आणि महिन्याभराने पुन्हा तपासणारा माणूस शोधा, मग त्यासाठी पुण्याला जावे लागले तरी चालेल. मूळ सॉफ्टवेअरची प्रत स्वतःकडे ठेवा. आणि ओबीडी सॉकेटला लावायची हजार-दोन हजारांची ‘पॉवर चिप’ कुणी भेट दिली तरी नाकारा; त्यातल्या बऱ्याच डब्यांत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काही नसते.

वडिलांची समजूत घालायची गरज मला दिसत नाही, कारण त्यांचे म्हणणे पुढच्या एका वर्षापुरते तरी बरोबर आहे. त्यांना पहाटेच्या फेरीला शेजारच्या सीटवर बसवा आणि मोबाइलवरचे आकडे वाचायला सांगा. त्यानंतर तुम्ही काय ठरवता यात ते कदाचित अधिक रस घेतील.

दोन्ही वेळच्या नोंदी मला पाठवायला हरकत नाही. फक्त मृगाचा पाऊस पडायच्या आत त्या घ्या, कारण एकदा हवा गार झाली की दुपारच्या फेरीला काही अर्थ उरणार नाही आणि तुम्हाला पुढच्या मेपर्यंत थांबावे लागेल.